गावाकडून नागपुरात शिकायला जाताना: खोलीच्या सामानाची खरेदी कशी करावी

बारावीनंतरचे बहुतेक व्यावसायिक प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी अशा अभ्यासक्रमांच्या याद्या राज्याच्या सीईटी कक्षाकडून फेरीफेरीने लागतात आणि यादीत नाव आल्यापासून महाविद्यालयात हजर होईपर्यंत हाती मोजकेच दिवस उरतात. नेमक्या त्याच सुमारास यवतमाळ, वाशिम, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत निंदण आणि डवरणीची कामे चाललेली असतात, घरातला पैसा बियाण्यांत आणि खतात गेलेला असतो, आणि सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीच्या तोंडावर किंवा त्यानंतर यायचा असतो. अशा वेळी मुलाला किंवा मुलीला घेऊन एका दिवसात नागपूरला जायचे, बाजारात जे दिसेल ते घ्यायचे आणि रात्रीच्या गाडीने परतायचे, असे पुष्कळ घरांत होते. त्यात पैसा जास्त जातो आणि गरजेच्या चार वस्तू तरीही राहून जातात.

या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे, तो असा की खरेदीचे दोन भाग करावेत. पहिल्या भागात पहिले आठ दिवस झोपणे, अंघोळ, जेवण आणि वर्गात बसणे ज्यांच्यावाचून अडेल तेवढ्याच वस्तू घ्याव्यात. बाकी सारे गर्दी ओसरल्यावर, खोली नीट पाहून आणि हातात पैसा आल्यावर घ्यावे. ‘पुन्हा कोण येतो नागपूरला’ या विचाराने बरीच कुटुंबे सगळे एकदम घेतात, परंतु मूल आता तिथेच राहणार असते, त्यामुळे उरलेली खरेदी त्याला स्वतःला सावकाश करता येते.

निघण्यापूर्वी: खोलीत काय आहे ते विचारून घ्यावे

यादी करायला बसण्याआधी एक फोन करावा. महाविद्यालयाचे वसतिगृह असेल तर गृहपालांना, भाड्याची खोली असेल तर घरमालकांना विचारावे की पलंग आहे का, त्याची लांबी-रुंदी किती आहे, गादी मिळते का, पंखा आणि दिवा लावलेला आहे का, कपाटाला कुलूप लावण्याची सोय कशी आहे, आणि विजेची कोणती उपकरणे वापरण्यास मनाई आहे. पलंगाचे माप अंदाजाने धरू नये. काही ठिकाणी पलंग तीन फूट रुंद असतात तर काही ठिकाणी अडीच फूट, आणि तीन फुटांची गादी अडीच फुटांच्या पलंगावर कायम लोंबत राहते. कपाटाच्या कडीचे छिद्र लहान असेल तर जाड कुलूप त्यात शिरत नाही, हेही आधीच माहीत असलेले बरे.

समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला असेल तर राहणे आणि जेवण यांसोबत पलंग व अंथरूण-पांघरूणही शासनाकडून पुरवले जाते. त्यामुळे तिथे नक्की काय मिळते हे कळल्याशिवाय गादीवर एक रुपयाही खर्च करू नये. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, स्वयंम, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पात्र असल्यास यांचे अर्ज जरूर करावेत. मात्र ही रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात पुढे केव्हातरी जमा होते. तिच्या भरवशावर उधारी करून जुलैची खरेदी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरे काम: गावातून आणि तालुक्यातून काय न्यावे

शहरात सगळेच स्वस्त मिळते हा समज खरा नाही. गादीचेच पाहावे. आपल्या भागात कापूस घरचा असतो किंवा ओळखीच्याकडून मिळतो, आणि पिंजाऱ्याकडून मापाची गादी भरून घेतली तर ती गर्दीच्या दिवसांत दुकानाबाहेर थप्पी लावून विकल्या जाणाऱ्या तयार गाद्यांपेक्षा कितीतरी अधिक टिकते. त्या तयार गाद्यांत पुष्कळदा कापडाच्या चिंध्या किंवा हलक्या प्रतीचा फोम भरलेला असतो आणि दोन-तीन महिन्यांत त्यांना खड्डे पडतात. पलंगाचे माप हाती असेल तर निघण्याच्या आठ दिवस आधी गादी आणि उशी भरून घ्यावी. एका माणसापुरती कापसाची गादी गुंडाळून दोरीने बांधल्यास बसमध्ये नेताही येते.

दरी, दोन चादरी, घरची गोधडी, ताट, वाटी, पेला, चमचा, एक लहान गंज (पातेले), सराटा (उलथणे) आणि चाकू हे घरातूनच न्यावे. स्वतः स्वयंपाक करायचा असेल तर तुरीची डाळ, तिखट, हळद आणि पहिल्या महिन्याचे तांदूळ घरचे न्यावेत. डबा किंवा मेस लावायची असेल तर यातले काहीही नेऊ नये, कारण पावसाळ्यात बंद खोलीतल्या धान्याला अळी लागायला वेळ लागत नाही. साबण, तेल, दंतमंजन, वह्या, पेन या वस्तूंवर छापील किंमत असते आणि ती तालुक्यातही तीच असते, म्हणून त्यांच्यासाठी नागपूरच्या गर्दीत उभे राहण्याचे कारण नाही.

लोखंडी पेटीबद्दल माझे मत ठाम आहे. नवी चाकांची बॅग घेण्यापेक्षा घरातली जुनी पेटी रंग देऊन न्यावी. तिला कुलूप लागते, उंदीर कुरतडत नाही, आणि प्रवेशाची मूळ कागदपत्रे ठेवायला तिच्याइतकी सुरक्षित जागा भाड्याच्या खोलीत दुसरी नसते.

दिवस आणि वेळ

महाविद्यालयात हजर होण्याच्या आदल्या दिवशी खरेदी ठेवू नये. त्या दिवशी आपल्यासारखी शेकडो कुटुंबे त्याच दुकानांत असतात, दुकानदाराला भाव कमी करण्याची गरज नसते आणि आपल्याला परत जाण्याची घाई असते. शक्य झाल्यास प्रवेश निश्चित करायला, म्हणजे कागदपत्रे आणि शुल्क भरायला जाल त्याच फेरीत अर्धा दिवस बाजारासाठी काढावा आणि सामान खोलीत किंवा नात्यातल्या माणसाकडे ठेवून यावे. इतवारी आणि गांधीबाग या ठोक बाजारपेठा साधारणपणे रविवारी बंद असतात. बर्डीला (म्हणजे सीताबर्डीला) मात्र रविवारीच सर्वांत जास्त गर्दी असते. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दुकाने उघडताच पोहोचावे. दुपारनंतर इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत हातगाड्या, माल उतरवणाऱ्या गाड्या आणि ई-रिक्षा यांची इतकी दाटी होते की बादली हातात धरून चालणेही कठीण जाते.

सोबत किती माणसे न्यावीत, हाही प्रश्नच असतो. आई किंवा वडील यांपैकी एक आणि विद्यार्थी स्वतः, इतकी माणसे पुरे. प्रत्येक जास्तीच्या माणसाचे तिकीट, चहा आणि जेवण म्हणजे एका बादलीची किंमत. एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, म्हणून आईने जाणे खिशालाही परवडते आणि भांड्याची पारखही तिलाच अधिक असते.

कोणती वस्तू कोठे घ्यावी

गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरल्यावर बर्डी आणि इतवारी या दोन्ही बाजारपेठा फार लांब नाहीत, परंतु दिशा वेगळ्या आहेत. म्हणून कोठून सुरुवात करायची हे आधी ठरवावे. मेट्रोने फिरायचे असेल तर सीताबर्डी हे दोन्ही मार्गांचे एकत्र येण्याचे स्थानक आहे हे लक्षात ठेवावे. तिथून प्रजापतीनगरकडे जाणाऱ्या गाडीने अग्रसेन चौक किंवा चितार ओळी चौक येथे उतरले की गांधीबाग, इतवारी आणि महाल हा सारा जुना बाजार जवळ पडतो. त्याच मार्गाचे दुसरे टोक लोकमान्यनगर आहे, त्यामुळे हिंगणा मार्गावरच्या महाविद्यालयांत जाणाऱ्यांना हा मार्ग विशेष सोयीचा आहे.

भांडी इतवारीतच घ्यावीत. तिथे स्टील आणि ॲल्युमिनियमची भांडी बरेच दुकानदार वजनावर देतात, त्यामुळे पातळ पत्र्याचे भांडे जाड म्हणून गळ्यात पडत नाही. भांडे हातात घेऊन काठ दाबून पाहावा. काठ सहज वाकत असेल तर ते भांडे रोजच्या वापराचे नाही. चादरी, टॉवेल, पडद्याचे कापड यांसाठी गांधीबाग योग्य आहे, मात्र काही ठोक दुकानदार एक-दोन नग देत नाहीत. अशा वेळी गावातली किंवा वर्गातली तीन-चार मुले मिळून घेतली तर ठोक भाव मिळतो. बादली, मग्गा, कपडे वाळवायची दोरी, चिमटे, झाडू, डस्टबिन, हँगर या वस्तू बर्डीच्या मोदी गल्ल्यांत आणि रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडे मिळतात. तरी माझा सल्ला असा की यांपैकी बादली आणि मग्गा सोडून बाकी वस्तू खोलीच्या जवळच्या आठवडी बाजारातून घ्याव्यात. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारासारखे बाजार शहराच्या वेगवेगळ्या भागांत भरतात आणि तिथे गावच्या बाजारासारखेच भाव करता येतात.

बर्डीच्या मुख्य रस्त्यावर खिसेकापूंचा त्रास असतो. शुल्काचे पैसे आणि खरेदीचे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नयेत. फोनवरून पैसे देण्याची सोय सगळीकडे आहे, पण दाट वस्तीच्या जुन्या बाजारात कधीकधी नेटवर्क मिळत नाही आणि बँकेची दिवसाची मर्यादाही आड येते, म्हणून काही रोख रक्कम आणि थोडी चिल्लर जवळ असावी.

अमरावतीला शिकायला जाणाऱ्यांना हीच पद्धत लागू पडते. तिथे राजकमल चौकाचा परिसर आणि इतवारा बाजार यांतच बहुतेक खरेदी आटोपते आणि अंतरे कमी असल्याने अर्धा दिवस पुरतो.

विजेच्या वस्तू: इथे घाई अजिबात नको

पैसे वाचवण्याच्या नादात सर्वांत धोक्याची खरेदी होते ती याच वस्तूंची, म्हणून हा भाग शांतपणे वाचावा. खोलीतल्या भिंतीवर दोन प्रकारचे सॉकेट असतात. लहान सॉकेट 6 अँपिअरचा असतो आणि मोठ्या छिद्रांचा 16 अँपिअरचा. आपल्याकडे विजेचा दाब 230 व्होल्ट धरला तर लहान सॉकेटवर जास्तीत जास्त 1,380 वॉटपर्यंतचे उपकरण चालते. पाणी तापवायची रॉड बहुधा 1,000 किंवा 1,500 वॉटची असते आणि इंडक्शन शेगडी 2,000 वॉटपर्यंत जाते. म्हणजे 1,500 वॉटची रॉड किंवा पूर्ण क्षमतेने चालणारी इंडक्शन शेगडी लहान सॉकेटवर लावली तर तार तापते, प्लास्टिक वितळते आणि आग लागू शकते. बाजारात मोठ्या पिनेला लहान सॉकेटमध्ये बसवणारे जोड मिळतात. ते जोड या कामासाठी कधीही घेऊ नयेत. इस्त्री मात्र बहुधा 750 ते 1,000 वॉटची असल्याने लहान सॉकेटवर चालते.

एक्स्टेंशन बोर्ड घेताना त्यावर किती अँपिअर लिहिले आहे ते वाचावे, तार जाड आहे का ते पाहावे आणि आयएसआयचे चिन्ह तपासावे. रस्त्यावर ढिगात विकले जाणारे रंगीत बोर्ड दिसायला छान असतात, पण आतली पट्टी इतकी पातळ असते की चार दिवसांत पिन सैल बसू लागते आणि ठिणग्या उडतात. फोन, लॅपटॉप आणि टेबलदिव्यासाठी एक चांगला बोर्ड घ्यावा, त्यावर शेगडी किंवा रॉड लावू नये, आणि हे मुलाला खरेदीच्या वेळीच समजावून सांगावे. रॉड वापरताना ती आधी पाण्यात बुडवून मगच बटण सुरू करावे आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. ओल्या न्हाणीघरात हा नियम मोडल्याने जीव जातात.

बरीच वसतिगृहे रॉड आणि शेगडी या दोन्हींना मनाई करतात. मनाई असेल तर चोरून वापरण्यासाठी विकत घेऊच नये. वस्तू जप्त होते, दंड होतो आणि पैसे दोन्हीकडून जातात.

कूलरचा विषय विदर्भात टाळता येत नाही. उन्हाळ्याची आठवण ताजी असल्याने पालक जुलैतच कूलर घेऊन देतात. पण कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने गारवा देतो आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत बाष्पीभवन नीट होत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये त्याचा उपयोग पंख्याहून फारसा जास्त नसतो. आता कूलर घेऊ नये. मार्चमध्ये वर्गमित्रांत अर्धा-अर्धा वाटून घ्यावा किंवा नागपुरात हंगामापुरता भाड्याने मिळतो तो आणावा. याउलट मच्छरदाणी मात्र पहिल्याच दिवशी लागते, कारण पावसाळ्यात डेंग्यूचा धोका असतो. भिंतीला खिळे ठोकण्यास घरमालकांची परवानगी नसेल तर उघडमीट होणारी घडीची मच्छरदाणी घ्यावी.

स्वयंपाकाचा गॅस

स्वतः स्वयंपाक करणाऱ्या मुलांसाठी तेल कंपन्यांचा 5 किलोचा लहान सिलिंडर मिळतो. त्यासाठी शहरातल्या पत्त्याचा पुरावा लागत नाही. ओळखपत्र दाखवून तो अधिकृत गॅस एजन्सीतून आणि काही पेट्रोल पंपांवर घेता येतो. बाजारात बिगरकंपनीचे छोटे सिलिंडर मोठ्या टाकीतून भरून विकले जातात. ते स्वस्त असले तरी बेकायदेशीर आणि अतिशय धोकादायक आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये. रबरी नळी आणि रेग्युलेटर नवेच घ्यावेत, त्यांवर आयएसआय चिन्ह असावे. कुकरवरही हे चिन्ह असावेच लागते. सिलिंडर मेट्रोतून नेता येत नाही, म्हणून तो खोलीजवळच्या एजन्सीतूनच घ्यावा.

भाव, पावती आणि परत करणे

भाव करताना विद्यार्थ्याला पुढे करावे. वडिलांनी शेजारी उभे राहावे आणि मुलीने किंवा मुलाने स्वतः भाव विचारावा, तीन दुकाने फिरावी आणि मग पैसे द्यावेत. पुढची काही वर्षे हे काम त्यांनाच करायचे आहे, आणि आई-वडील सोबत असताना झालेली चूक सुधारता येते. इतवारीत व्यापारी बहुधा हिंदी बोलतात, पण मराठी सगळ्यांना समजते, त्यामुळे बोलण्याच्या संकोचाने जास्त पैसे देण्याचे कारण नाही. बांधलेल्या पाकिटावरच्या छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त मागण्याचा अधिकार दुकानदाराला नाही.

रस्त्यावरची दोरी किंवा चिमटे सोडले तर प्रत्येक वस्तूची पावती घ्यावी. ‘पावती हवी तर जास्त पैसे लागतील’ असे ऐकू आले तर दुसरे दुकान पाहावे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा मानली जाते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी पाहून सदोष वस्तू गपचूप घरी आणू नये. दुकानदाराशी आधी सौम्यपणे बोलावे, आणि तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. विजेची प्रत्येक वस्तू दुकानातच चालवून पाहावी आणि हमीपत्रावर तारीख व शिक्का घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

सामान नेताना

जुलै-ऑगस्टचा पाऊस कोणासाठी थांबत नाही आणि भिजलेली कापसाची गादी नागपूरच्या लहान खोलीत आठवडाभर वाळत नाही. गादी आधी जाड प्लास्टिकमध्ये आणि वरून ताडपत्रीच्या तुकड्यात गुंडाळावी. रिकामे खताचे पोते वापरायचे असेल तर ते धुऊन वाळवून घ्यावे. कीटकनाशकाच्या खोक्यांत मात्र भांडी किंवा धान्य कधीही भरू नये, खोके कितीही मजबूत दिसले तरी. एस.टी.त जास्तीचे सामान असेल तर गाडीत चढण्याआधी वाहकाशी बोलून त्याचे भाडे विचारून घ्यावे. जवळपासच्या गावांतली तीन-चार मुले एकाच परिसरात राहणार असतील तर सर्वांनी मिळून एक छोटा हत्ती (लहान मालवाहू गाडी) ठरवावा. पेट्या, गाद्या आणि धान्य एकदम खोलीच्या दारात उतरते आणि शहरातल्या ऑटोचे भाडे वाचते.

खोलीत सामान लावून झाले की दिवसाउजेडी तीन गोष्टी तपासाव्यात: कुलूप कपाटाला बसते का, बोर्ड आणि दिवा चालतो का, आणि गादी पलंगावर नीट बसते का. यात काही बिघडले असेल तर आई-वडील शहरात असतानाच ते बदलून घ्यावे.

उरलेली खरेदी

पुस्तके पहिल्या फेरीत मुळीच घेऊ नयेत. कोणते शिक्षक कोणते पुस्तक वापरतात हे वर्ग सुरू झाल्यावरच कळते. बर्डी परिसरात जुनी पुस्तके मिळतात आणि वरच्या वर्गातली मुले आपली पुस्तके निम्म्या किमतीत किंवा त्याहून कमीत देतात. अभियांत्रिकीचा ड्राफ्टर, प्रयोगशाळेचा ॲप्रन आणि रेखाचित्राचे साहित्य यांचेही तसेच आहे. महाविद्यालयाचा गणवेश असेल तर कापडाची छटा आणि शिंपी दोन्ही वरच्या वर्गातल्या मुलांना विचारूनच ठरवावेत.

टेबल-खुर्चीसाठी एक महिना थांबावे. खोलीत जागा किती उरते ते तोपर्यंत कळते आणि खोली सोडून जाणारे विद्यार्थी आपले सामान स्वस्तात देतात. जून-जुलैमध्ये शिक्षण संपवून निघालेल्यांचे पलंग, टेबल, शेगड्या घरमालकांकडेच पडून असतात, म्हणून घरमालकांना विचारायला संकोच करू नये. रजई आणि स्वेटर दिवाळीच्या सुट्टीत गावाहून आणावेत. हिवाळ्यात नागपुरात तिबेटी विक्रेत्यांची लोकरी कपड्यांची दुकाने लागतात, राहिलेले तिथे घेता येते. दिवाळीला घरी येताना मुलाने सोबत एक कागद आणावा, त्यावर या तीन महिन्यांत कशाची खरोखर अडचण झाली तेवढेच लिहिलेले असावे, आणि सोयाबीनचा पैसा हाती आल्यावर त्याच कागदावरून पुढची खरेदी करावी.